फुलपाखराला हाडं नसतात

आमच्या दाराच्या चौकटीवर लेकीच्या उंचीच्या रेघा आहेत. पेन्सिलीने मारलेल्या, बाजूला तारीख. एरवी मुलांच्या अशा रेघांमध्ये चांगलं दोन-चार बोटांचं अंतर पडतं, आमच्या रेघा मात्र एकमेकींना खेटून उभ्या आहेत. ती साडेआठ वर्षांची असताना एक रेघ आधीच्या रेघेच्या खाली आली. अगदी थोडी, अर्धा सेंटीमीटर असेल. मला वाटलं पट्टी तिरकी धरली गेली. पुन्हा मोजलं.

"ताठ उभी राहा गं."

"राहिलेच आहे."

मी ती रेघ खोडरबराने पुसून टाकली. मूल काय उलटं वाढतं का!

काही महिन्यांनी एका डॉक्टरांनी विचारलं, "हिची उंची कमी झाल्यासारखी कधी वाटली का?" तेव्हा ती पुसलेली रेघ लख्ख आठवली. तारीख काही केल्या आठवेना.

लेकीला ईबी आहे. पूर्ण नाव एपिडर्मोलिसिस बुलोसा. १८८६ साली कोब्नर नावाच्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने हे नाव दिलं. तिचा प्रकार रिसेसिव्ह डिस्ट्रॉफिक. त्वचेचा वरचा थर खालच्या थराला धरून ठेवण्यासाठी सातव्या प्रकारच्या कोलॅजनचे बारीक आकडे असतात, ते तिच्यात जवळजवळ नाहीतच. बिघडलेलं एक जनुक आईकडून आलं, एक माझ्याकडून. आम्हा दोघांना स्वतःला काहीही त्रास नाही. पण तिला मात्र कपड्याची शिवण घासली तरी फोड, चादरीची घडी टोचली तरी फोड, कुणी मायेने दंडाला धरून उठवलं तर कातडीच हातात. तोंडात आणि अन्ननलिकेतही हाच प्रकार, म्हणून गिळायचे हाल. एक दिवसाआड ड्रेसिंग, त्याला अडीच-तीन तास.

अशा मुलांना जगभर 'फुलपाखरू मुलं' म्हणतात, कातडी फुलपाखराच्या पंखांसारखी म्हणून. नाव गोड आहे, मलाही आवडायचं. आता माझी त्यावर एकच तक्रार आहे. फुलपाखराला हाडं नसतात. माझ्या मुलीला आहेत, आणि ती आहेत हे आम्ही सगळेच आठ वर्षं विसरलो होतो.

तिला कसं उचलायचं ते मी ती नऊ दिवसांची असताना शिकलो. काखेत हात घालायचा नाही, ओढायचं नाही, सरकवायचं नाही. एक तळवा मानेखाली, एक ढुंगणाखाली, मध्ये मऊ जाड कापड, आणि सगळं वजन एकदम वर घ्यायचं. यात मी तरबेज झालो. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून आंघोळीच्या टबात, टबातून परत पलंगावर. तिला चालता येत होतं. पण चाललं की तळव्यांना फोड यायचे, आणि एक फोड फुटून भरून यायला आठ-दहा दिवस जायचे. मग माझा हिशोब सोपा होता. जे अंतर मी तिला उचलून पार करू शकतो ते तिने का चालावं? सहाव्या वर्षानंतर ती दिवसाला पन्नास पावलं चालत असेल-नसेल. तळवे मात्र स्वच्छ होते, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू.

पाठ दुखायला लागली ती अगदी क्षुल्लक कारणाने. खुर्चीत बसताना ती जरा धपकन बसली, एवढंच. पडली नाही, आपटली नाही. त्या रात्री कूस बदलताना रडली. आम्ही दिवा लावून पाठ बघितली. पाठीवर एक जखम होतीच, कुठे ना कुठे असतेच. जखम सापडली की आमचा शोध तिथेच थांबायचा. मलम लावलं, ड्रेसिंग बदललं, झोपवलं.

असे पाच आठवडे गेले. एका डॉक्टरांनी लांबूनच बघून सांगितलं की पोर वाकून बसते, स्नायू आखडलेत. दुसऱ्या ठिकाणी वेदनाशामकाचा डोस वाढवून मिळाला. कुणाचंही नाव घेत नाही, कारण त्या पाच आठवड्यांत मीही तेच म्हणत होतो. शेवटी ड्रेसिंग चालू असताना तीच म्हणाली, "बाबा, हे बाहेरचं दुखणं नाहीये. बाहेरचं जळतं. हे आत ठणकतंय, आणि उभं राहिलं की वाढतंय."

दुखण्याच्या बाबतीत ही मुलं आपल्यापेक्षा शंभर पटींनी जाणकार असतात. कुठलं दुखणं जखमेचं, कुठलं खाजेचं, कुठलं चिघळण्याचं, हे तिला डोळे मिटून कळतं. तिने पहिल्या दिवशीच सांगितलं असेल, आम्हीच ऐकलं नसेल.

आमच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी ते ऐकल्याबरोबर पाठीच्या कण्याचा बाजूने एक्स-रे काढायला सांगितला. "समोरून काढलेला चालणार नाही, बाजूनेच हवा," असं चिठ्ठीत अधोरेखित करून दिलं. तो पडद्यावर आला तेव्हा समजावायची गरजच पडली नाही. मणके एकावर एक रचलेल्या ठोकळ्यांसारखे दिसत होते, आणि त्यातले दोन पुढच्या बाजूने चेपून पाचरीसारखे झाले होते. एक छातीच्या शेवटाला, एक कमरेत.

"हे फ्रॅक्चर आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"पण ती पडलीच नाही हो."

"हाडं चांगली असती तर पडावं लागलं असतं."

लहान मुलांमध्ये ऑस्टिओपोरोसिस (हाडं विरळ, ठिसूळ होण्याचा आजार) हा शब्द डॉक्टर सहजासहजी वापरत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. नुसती घनता कमी आली म्हणून मुलाला ते लेबल लावत नाहीत. सोबत लांब हाडं वारंवार मोडल्याचा इतिहास लागतो. पण मोठा मार लागलेला नसताना, तिथे दुसरा काही आजार नसताना एक जरी मणका असा चेपला, तर तेवढं पुरतं. लेकीचे दोन होते. आणि त्यातला कमरेतला मणका बहुधा आधीच चेपलेला असावा, असं त्यांचं म्हणणं. मणके मुकाट्यानेही चेपतात, प्रत्येक वेळी दुखतंच असं नाही. मला चौकटीवरची ती रेघ दिसली.

तिथून आम्ही हाडं आणि हार्मोन बघणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. हाड एकदा तयार झालं की झालं, असं नसतं. ते रोज थोडं पाडलं जातं आणि रोज थोडं बांधलं जातं. पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. वाढत्या वयात बांधकाम पुढे असायला हवं. लेकीच्या शरीरात पाडणाऱ्यांना रोज ओव्हरटाइम होता. अंगावर सतत उघड्या जखमा, म्हणजे सतत दाह. दाहाचे जे रासायनिक निरोप रक्तातून फिरतात, इंटरल्यूकिन-६ वगैरे, ते या पाडणाऱ्या पेशींना चेव आणतात. बांधणाऱ्यांकडे माल नव्हता. गिळता येत नाही म्हणून कॅल्शियम कमी, प्रथिनं कमी, आणि जे पोटात जाईल त्यातलं बरंचसं जखमा भरण्यात खर्च. ड जीवनसत्त्व त्वचेवर ऊन पडलं की तयार होतं, आणि आमच्या पोरीचा चेहरा सोडला तर बहुतेक अंग बँडेजमध्ये. पुढे वयात येणंही या मुलांमध्ये लांबतं, आणि हाडांची मोठी भरणी होते ती त्याच वर्षांत.

हे सगळं मी मान डोलवत ऐकत होतो. मग त्यांनी विचारलं, "चालते किती?"

मी सांगितलं. जरा कौतुकानेच सांगितलं, तळव्यांसकट.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या की हाडावर भार पडला तरच बांधणाऱ्या पेशींना कळतं की इथे काम करायचंय. भार नसेल तर शरीर ते हाड बिनगरजेचं धरतं आणि काढून घेतं. अंतराळात काही महिने राहून आलेल्या धडधाकट माणसांचीही हाडं त्याच कारणाने विरळ होतात.

म्हणजे तीन वर्षं मी माझ्या मुलीला अंतराळात ठेवलं होतं, हातांवर तोलून.

परत येताना बायकोशी एक शब्द बोललो नाही. रात्री तिनेच विषय काढला. म्हणाली, "उचललं नसतंस तर तळव्यांना जखमा झाल्या असत्या. ते तरी कुठे बरं होतं." हे खरं आहे, आजही खरं आहे. या आजारात कातडी आणि हाड एकाच ताटात जेवत नाहीत. एकीला जपावं तर दुसरं उपाशी राहतं.

मग तपासण्यांची रांग लागली. रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, पॅराथायरॉइड हार्मोन आणि ड जीवनसत्त्व. ड निघालं ११. किमान २० तरी हवं. थेंब सुरू झाले, आणि कॅल्शियमचं पातळ औषध, कारण गोळी तिच्या अन्ननलिकेतून उतरत नाही. इथे एक व्यवहारातली गोष्ट सांगतो, जी आम्हाला कुणी आपणहून सांगितली नव्हती. ईबीच्या मुलांना रक्त कमी म्हणून लोह चालू असतंच. लोह आणि कॅल्शियम एकत्र दिलं तर कॅल्शियम लोहाला आत शिरू देत नाही. आम्ही दोन्ही एकाच चमच्यात कालवून देत होतो, पोरीचे कष्ट वाचावेत म्हणून! आता लोह सकाळी, कॅल्शियम दुपारी आणि रात्री.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, आणि तोच सगळ्यात सोपा निघाला. सोपा म्हणजे, तयारी नीट केली म्हणून. स्कॅन ड्रेसिंगच्याच दिवशी घेतला. त्या दिवशी जुनी जाड बँडेज काढून पातळ, न चिकटणारी तेवढी ठेवली. झिंक असलेलं मलम लावायचं नाही असं आधीच सांगितलेलं, कारण झिंक चित्रात उमटतं आणि आकडा खोटा येतो. चांदीयुक्त ड्रेसिंगही त्या दिवशी नको. आम्ही घरून स्वतःची मऊ गादी आणि सिलिकॉनचा पातळ पत्रा नेला होता, पण गादी मशिनवर चालत नाही म्हणाले. पत्रा आणि एक पदरी चादर चालली.

स्कॅन करणारा मुलगा तरुण होता, ईबी पहिल्यांदाच बघत होता. त्याने ते लपवलं नाही, हे मला फार आवडलं. सरळ म्हणाला, "मी हात लावत नाही, तुम्ही सांगा कसं झोपवायचं." चादरीचे चार कोपरे आम्ही तिघांनी धरले आणि तिला तशीच अलगद उचलून टेबलावर ठेवली. कमरेच्या मणक्यांसाठी पोटऱ्यांखाली फोमचा चौकोनी ठोकळा ठेवतात, म्हणजे पाठ टेबलाला सपाट टेकते. तो ठोकळा रेक्झिनचा. घाम आला की रेक्झिन कातडीला चिकटतं. बायकोने पर्समधून सुती रुमाल काढून त्यावर घातला. मग वरून तो हात सावकाश सरकत गेला, काही मिनिटं. पोरगी छताकडे बघत होती. "दुखतं का?" मी विचारलं. "श्श, हलायचं नाही," ती ओठ न हलवता म्हणाली. पुढे पूर्ण शरीराचा स्कॅन. त्यातून मुलांच्या बाबतीत डोकं वगळतात, कारण कवटीचा वाटाच एवढा मोठा की बाकीचं झाकलं जातं. किरणांची भीती मला होती. पण एवढ्या स्कॅनमध्ये जितके किरण लागतात, साधारण तितके एक-दोन दिवसांत आपल्याला निसर्गातूनच मिळतात.

आकडा आला उणे ३.४. हा झेड-स्कोर, म्हणजे त्याच वयाच्या मुलींच्या सरासरीशी तुलना. उणे २ किंवा त्याखाली असलं तर वयाच्या मानाने घनता कमी. मोठ्या माणसांच्या रिपोर्टमध्ये टी-स्कोर असतो, तो तिशीतल्या निरोगी हाडाशी तुलना करतो. मुलांना तो लावायचा नसतो. आमच्या रिपोर्टमध्ये मशिनने तोही छापला होता आणि तो वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. डॉक्टरबाईंनी पेनने त्यावर काट मारली. मग म्हणाल्या की झेडही जसाच्या तसा धरायचा नाही. हे यंत्र हाडाची सावली मोजतं. लहान चणीच्या मुलाचं हाड मुळातच बारीक, त्याची सावली फिकी पडणारच. लेक उंचीने सहा वर्षांच्या मुलीएवढी. उंचीचा हिशोब घालून आकडा उणे २.६ झाला. वाईटच, पण आधीच्या आकड्याइतका जीवघेणा नाही. ईबीच्या मुलांच्या रिपोर्टवर हा उंचीचा हिशोब केलाय का, हे मी आता प्रत्येकाला विचारायला सांगतो.

आता औषध. बिस्फॉस्फोनेट नावाचा गट आहे, तो हाडाला चिकटून बसतो आणि पाडणाऱ्या पेशींना आवरतो. त्याच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या मिळतात, पण त्या अन्ननलिकेला चटका देतात. घेतल्यावर भरपूर पाणी पिऊन अर्धा तास ताठ बसायला लागतं. आधीच अरुंद, फोडांनी भरलेल्या अन्ननलिकेत ती गोळी अडकली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून याच गटातलं झोलेड्रोनिक अॅसिड शिरेतून, दर सहा महिन्यांनी.

त्याआधी दातांची तपासणी. हाडांच्या औषधासाठी दात कशाला, मीही विचारलं. या औषधाने क्वचित जबड्याचं हाड नीट भरून येत नाही, विशेषतः दात काढल्यावर. लहान मुलांत हे फारच विरळा, पण एखादा दात काढायचाच असेल तर आधी काढून घ्यावा. लेकीचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. दातांच्या डॉक्टरांनी सगळ्यात छोटा आरसा घेतला, ओठांना व्हॅसलिन लावलं आणि वीस मिनिटं घेतली. एक दाढ काढली. ती जखम भरायला महिना लागला. तोवर ड जीवनसत्त्वही ३१ वर आलं. ते कमी असताना हे औषध दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं, म्हणून ती वाट बघणं गरजेचंच होतं. पण तो महिना मला वर्षासारखा गेला. प्रत्येक वेळी ती खुर्चीत बसली की मी श्वास धरायचो.

पहिलं सलाईन. सुई टोचायला सोपी शीर तिच्याकडे नाही. नर्सने दंडावर आधी मऊ कापडाची गुंडाळी केली आणि पट्टा त्यावर बांधला, हे बघून मी निश्चिंत झालो. स्पिरिटचा बोळा घासला नाही, नुसता टेकवला. तिसऱ्या प्रयत्नात शीर लागली. आणि मग सवयीने नर्सचा हात टेबलाच्या कडेला गेला, जिथे चिकटपट्टीचे दोन तुकडे आधीच फाडून लावून ठेवले होते.

मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "ताई, ती नको. काढताना माझी कातडी तिच्यासोबत जाईल."

अगदी सहज, आवाजही न चढवता. नर्स थबकली. तिने सुई एका बोटाने धरून ठेवली, मी पिशवीतून सिलिकॉनची टेप काढून दिली, वर गॉजची पट्टी गुंडाळली. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीला वाटलं आपण रागावलो म्हणून रडतायत, तिने परत समजूत घातली की चिडले नाही, नुसतं सांगितलं.

औषध स्वतः पाऊण तासात संपलं. पहिला डोस अर्धाच होता. घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप, ३९ अंश सेल्सियसच्या वर. अंग मोडून येणं, पाय ओढणं. पहिल्या डोसनंतर हे होतं असं आम्हाला लिहून दिलं होतं. पण ईबीच्या घरात ताप आला की पहिला विचार जखमेतून रक्तात जंतू गेल्याचा येतो, आणि तो विचार कागद वाचून जात नाही. औषधाचा ताप आणि जंतूंचा ताप थर्मामीटरवर सारखाच दिसतो. रात्री अकराला तिला घेऊन गेलो, रक्त तपासलं. सगळ्या जखमा एकेक करून उघडून बघितल्या. काही नव्हतं. सोबत कॅल्शियम मोजलं, किंचित खाली होतं. कॅल्शियम घसरल्याने ओठांभोवती मुंग्या येतायत का म्हणून मी तिला इतक्या वेळा विचारलं की शेवटी ती म्हणाली, "तू विचारलंस की येतात." दीड दिवसात ताप उतरला. पुढच्या डोसांना आला नाही.

पाठीचा ठणका तीन-चार आठवड्यांत कमी झाला. त्यानंतर खरं अवघड काम सुरू झालं, आणि ते कुठल्याही सलाईनमध्ये मिळत नाही. तिला उभं करायचं होतं.

फिजिओ मॅडमनी चालण्यापासून सुरुवात केली नाही, नुसतं उभं राहण्यापासून केली. टेबलाला टेकून पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. पायाखाली जाड फोम, मोजे उलटे घातलेले, म्हणजे शिवण बाहेर. बुटाच्या आतली प्रत्येक शिवण आम्ही बोटाने चाचपून बघतो. त्या पाच मिनिटांत ती टेबलावर चित्र काढते. पाच मिनिटांची आठ झाली, आठची बारा. मग दोन पावलं, मग खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पाण्यातला व्यायाम तिला फार आवडतो आणि सांध्यांना चांगलाही आहे, पण पाणी वजन स्वतःवर घेतं, हाडाला त्यातून फारसं काही मिळत नाही. म्हणून पाण्याने जमिनीवरची वेळ भागत नाही, हे तिला पटवायला बरेच दिवस गेले.

व्हीलचेअर आम्ही सोडलेली नाही. काही लोकांना वाटतं हाडांसाठी चालायचं म्हणजे खुर्ची फेकून द्यायची. उलट लांबच्या अंतराला खुर्ची वापरली की घरात उभं राहायला तळवे शाबूत राहतात. तळव्यांचं आता आम्ही बजेट करतो. ड्रेसिंगच्या आदल्या दिवशी जास्त उभं राहायचं, कारण फोड आलाच तर दुसऱ्या दिवशी निर्जंतुक सुईने खालच्या बाजूने फोडून, वरची कातडी तशीच ठेवून नीट बांधता येतो. एकदा टाच चिघळली, बारा दिवस सगळं बंद. त्या बारा दिवसांत मी तिला पुन्हा उचलायला लागलो, आणि कबूल करतो, मला बरं वाटलं. तेराव्या दिवशी तिने हात वर केले नाहीत. टेबलाकडे बोट दाखवलं.

वर्षाने परत डेक्सा. उंचीचा हिशोब धरून उणे १.९. बाजूच्या एक्स-रेत कमरेचा मणका थोडा भरलेला दिसला. वाढत्या वयात असं होऊ शकतं, मोठ्यांत होत नाही. छातीचा मणका तसाच पाचरीसारखा आहे. नवा कुठलाही चेपलेला नाही. कातडी होती तशीच. २०२३ साली अमेरिकेत या आजारासाठी जखमेवर लावायच्या जनुकीय जेलला मान्यता मिळाली, तेव्हा पंधरा जणांनी मला बातमी पाठवली. आनंदाचीच गोष्ट आहे. पण ते जखमेवर लावायचं औषध आहे, मणक्यापर्यंत जात नाही, हे मी प्रत्येकाला उत्तरात लिहिलं. माझ्याच मनाला बजावत होतो बहुतेक.

दीड वर्षाने हाडांचं वय बघायला तिच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला. तिची बोटं एकमेकांना जुळलेली आहेत, त्यामुळे पंजा सपाट ठेवायला वेळ लागला. चित्र आलं तर मनगटाच्या हाडात, टोकाच्या जरा अलीकडे, आडव्या पांढऱ्या रेघा. एकाखाली एक, तीन. मी घाबरलो. डॉक्टरबाई हसल्या. प्रत्येक डोसच्या वेळी जे हाड तयार होत असतं ते जास्त दाट बनतं आणि त्याची रेघ उरते. झेब्रा रेघा म्हणतात त्याला. तीन डोस, तीन रेघा. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे त्या सहा महिन्यांत हाड किती वाढलं ते.

लेकीने पडद्याला नाक लावून बघितलं. "आपल्या दारासारख्याच आहेत," म्हणाली. "खेटून खेटून."

"पण यातली एकही खाली आलेली नाही," मी म्हटलं.

"ती तू पुसलीस ना ती?"

तिला माहीत होतं. मला वाटत होतं तिचं लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर ती चौकटीला पाठ लावून उभी राहिली, मी पट्टी डोक्यावर आडवी धरली. आधीच्या रेघेच्या वर, पेन्सिलीच्या जाडीपेक्षा थोडं जास्त. पेन्सिल बाजूला ठेवली आणि खिशातलं पेन काढलं. तारीख लिहिताना ते गळलं, बोटभर डाग पडला. आतून बायको म्हणाली, "दाराला शाई का फासताय?"